उभ्या गाडीची थरथर

१ तारीख, बुधवार

बायको म्हणाली, "तोंड चालवायचं असेल तर वहीत चालव, माझ्यापुढे नको." वही पण तिनेच आणून दिली. म्हणजे आता घरात बोलायची चोरी झाली.

तर वही, ऐक. फर्निचरच्या दुकानातली हिशेबाची खुर्ची सोडून मी एक जुना डिझेल ट्रक घेतला आहे. ट्रकचं वय माझ्या लग्नापेक्षा जास्त आणि तब्येत साधारण तशीच. कॅबिनचं दार आतून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. पण पळतो झकास. दुखणं आहे ते उभा असताना. रेस दिली की गुमान चालतो, पाय काढला की थरथरायला लागतो. दोन ठोके बरोबर, तिसरा गाळून, मग खाकरल्यासारखं करून पुन्हा पहिल्यापासून. आरसा इतका हलतो की मागचा एक स्कूटरवाला मला दोन दिसतो. सकाळी तर सुरू व्हायलाच नखरे.

विकणाऱ्याने मला पद्धतशीर बनवलं. घेतला त्या दिवशी ट्रक अगदी शांत उभा होता, दुसऱ्या दिवसापासून सोंगं सुरू. मी मात्र माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही. त्या दुसऱ्याच दिवशी टाकीजवळ, बॅटरीच्या पेटीमागे, डिझेलच्या नळीत एक पारदर्शक फिल्टर बसवला. स्वतःच्या हाताने. कचरा आलाच तर आधी तिथे दिसेल, असा माझा विचार. एक क्लिप कमी पडत होती, ती मोरीतल्या एका नळीवरून काढली. तिथे दोन होत्या, एक पुरे. जरा मोठी होती, पण आवळल्यावर बसली. हे सासऱ्याला सांगितलेलं नाही. बाहेरून आणून लावलेली कुठलीच गोष्ट त्याला खपत नाही, जावई त्यातलाच.

या वहीत मी त्याला एकेरीच लिहिणार आहे. तोंडावर हिंमत होत नाही, निदान इथे तरी.

४ तारीख, शनिवार

काम मिळालं. म्हणजे मिळता मिळता राहिलं आहे.

काचवाल्याकडे गेलो होतो. त्याच्या गोदामात माणसापेक्षा उंच काचा भिंतीला टेकून उभ्या असतात, त्यामुळे आत शिरलं की आपण आपोआप पोट आत घेतो. त्याला वर्षभरासाठी एक गाडी हवी आहे. त्याने काही विचारलं नाही, कागद मागितले नाहीत. ट्रकच्या हौद्यात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला, मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचायला लागला. पान उलटायच्या आत पाणी सांडलं.

"रस्त्यावरचे खड्डे स्प्रिंगा सांभाळतात," तो म्हणाला. "सिग्नलला उभ्या गाडीची थरथर कोण सांभाळणार? काचा एकमेकींवर दात वाजवत बसतात. मी काच विकतो, चुरा नाही."

मी म्हणालो, माझे सासरे बघणार आहेत गाडी. कोण सासरे ते सांगितल्यावर पेपर खाली आला.

"कानसेन? मग हे आधी सांगायचं ना राव. पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन या. त्यांनी हो म्हटलं की मी गाडी भरली." आणि मग जरा थांबून, "पेला ठेवणारच, पण."

हे काम आलं तर ट्रक राहील आणि मी पण माणसात राहीन. नाही आलं तर फर्निचरवाल्याकडे परत. काल रस्त्यात भेटला तेव्हा हसत म्हणाला, तुमची खुर्ची रिकामीच ठेवलीय, उशीसकट. तेव्हापासून माझी पाठ दुखतेय.

५ तारीख, रविवार

सासरा म्हणजे या धंद्यातलं मोठं प्रस्थ. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तेवढा वेळ शेडमध्ये कोणी शिंकायचं नाही. मग डोळे उघडून निदान, आणि ते चुकत नाही म्हणतात. एकदा म्हणे चहा पिता पिता त्याने रस्त्यावरून जाणारा ट्रक थांबवून ड्रायव्हरला आतलं दुखणं सांगितलं होतं. म्हणून कानसेन. हल्ली गिऱ्हाईक कमी झालंय, पण नाव आहे.

आज ट्रक घेऊन त्याच्या घरामागच्या शेडमध्ये गेलो. स्क्रू ड्रायव्हर डाव्या कानाला लावला. इतकी वर्षं उजव्या कानाला लावताना बघितलाय, म्हणून विचारलं. उत्तर नाही. तोंडासमोर जाऊन पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "उजवीकडून ऊन येतं." शेडला छप्पर आहे. असो, मोठ्या माणसांचं ऊन वेगळं असेल.

बराच वेळ ऐकून म्हणाला, "नोझल. डिझेल फवारतात ती. सगळी बदलायची, जावईबापू." तोंडावर मी त्याला मामा म्हणतो. मला तो जावईबापू म्हणतो आणि अहो-जाहो करतो. त्यात इतका मान असतो की अंगाला खाज सुटते.

७ तारीख, मंगळवार

नोझल बदलली. थरथर जिथल्या तिथे. सासऱ्याने हात पुसत विचारलं, "फरक पडला ना?" मी म्हणालो, काही नाही. तो मान डोलवून म्हणाला, "पडणारच," आणि आत जेवायला गेला. माणसाला एवढा आत्मविश्वास देवाने कशासाठी द्यावा?

माझा फिल्टर मात्र उत्तम काम करतोय. आज वाकून पाहिलं, कचऱ्याचा कण नाही. आत नुसते बुडबुडे, एकामागून एक वर जातायत. डिझेल चांगलं जोरात वाहतंय. सगळ्या गाडीत तेवढी एकच गोष्ट धड आहे आणि ती मी बसवलेली आहे.

घरी वॉशिंग मशीनची नळी गळतेय. मोरीभर पाणी. बायको म्हणाली, जरा बघ. इथे माणसाचं वर्ष वाहून चाललंय आणि हिला मोरीची पडलीय.

९ तारीख, गुरुवार

आता फीड पंप, टाकीतून डिझेल ओढणारा. पुन्हा डावा कान, पुन्हा डोळे मिटून समाधी. नवा पंप बसला. इंजिन खाकरलं. सासरा हसला.

फोन करावा तर उचलत नाही. काल सहा वेळा केला. शेवटी स्वतः गेलो, तर फोन त्याच्या मांडीवर वाजत होता आणि हा माणूस बातम्या बघत बसलेला. टीव्ही एवढ्या मोठ्याने की बातमी जिथली असेल तिथे परत ऐकू जावी. सासूबाई त्याला काही सांगायचं असलं की आधी खांद्याला हात लावतात. या घराची तऱ्हाच वेगळी. माझी बायकोसुद्धा बापाशी बोलताना उठून त्याच्या समोर जाऊन उभी राहते आणि एकेक शब्द सुटा बोलते, शाळेत कविता म्हणून दाखवावी तशी. माझ्याशी बोलताना तर मानही वळवत नाही.

मला एक संशय येतोय, आणि तो मी इथेच लिहिणार. सासऱ्याला मी खुर्ची सोडली हे आवडलेलं नाही. त्याला जावई पंख्याखाली बसलेला हवा. म्हणून हे चाललंय. एक झालं की दुसरं बदला, शनिवार उजाडू द्या, जावई आपोआप फर्निचरच्या दुकानात. इंजिनात टाचणी पडलेलीही ऐकू येणाऱ्या माणसाला ही खाकर ऐकू येत नाही, असं कसं होईल?

११ तारीख, शनिवार

झाली शोभा.

सकाळी सासऱ्याने इंजिनाचा वेग थोडा चढवून ठेवला होता, त्यामुळे काचवाल्याच्या दारात गाडी जरा बरी उभी राहिली. काचवाला स्वतः पुढे आला, त्याने सासऱ्याला नमस्कार केला, स्टूल दिलं. हमाल गोळा झाले. पेला ठेवला. सासऱ्याने स्क्रू ड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. सगळे चूप. मला वाटलं, जमतंय.

मग गाडी अडखळली. एकदा, दोनदा, मग चांगली खाकरली. एक हमाल फिसकन हसला. काचवाला सासऱ्याकडे बघत होता. आणि नेमका त्या वेळी सासरा डोळे मिटूनच म्हणाला, "ऐका. लोणी आहे लोणी."

पेला आडवा झाला.

काचवाला भला माणूस. हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांच्या नावाखातर अजून एक शनिवार थांबतो. मग मी दुसरी गाडी बघेन. वाईट वाटून घेऊ नका."

परत आल्यावर शेडच्या अंगणात सासरा पुढे चालला होता, मी मागे. माझा तोल सुटला. सगळं बाहेर काढलं. म्हणालो, तुम्हाला माझा धंदा बुडवायचाय, तुम्हाला कारकून जावई हवाय, तुमचे कान म्हणजे नुसता बोभाटा आहे. आणखीही बोललो, ते वहीतसुद्धा लिहिणार नाही. आणि साहेब? साहेबांनी मान वळवली नाही. वाटेतला एक नट उचलला, फुंकून खिशात टाकला, आणि आत गेले. एवढा माज मी जन्मात पाहिला नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, कसल्या तरी वेगळ्याच नजरेने.

१२ तारीख, रविवार

कोणाशी बोललो नाही. मोरीत पाणी. पाय घसरला.

१४ तारीख, मंगळवार

आजचं नीट लिहितो.

सासऱ्याचा निरोप आला, टॅपेट बघू, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट. जायचं नव्हतं, पण दुसरा इलाज तरी काय होता? तो बोनेटखाली डोकं घालून बसला, मला कॅबिनमध्ये बसवलं. अर्धा तास झाला. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग माझं डोकं फिरलं आणि मी हॉर्नवर मूठ मारली.

हॉर्न अडकला.

जुन्या ट्रकचा हॉर्न, तो काय साधा असतो? शेडचे पत्रे वाजायला लागले. समोरच्या घरातली बाई दोन्ही कान दाबून बाहेर आली. सासूबाई स्वयंपाकघरातून, पीठ लागलेले हात कानांवर. डबा घेऊन आलेली माझी बायको फाटकातच कान धरून उभी. मी बटण उपटतोय, ठोकतोय, काही होत नाही. शेवटी खाली उडी मारून हॉर्नची वायर खेचली. शांत झालं.

तेव्हा मी बोनेटपाशी होतो, म्हणून दिसलं. हॉर्न त्याच्या डोक्यापासून हातभर लांब. आणि तो पाना फिरवत होता. बेताने, सवयीने, जीभ थोडी बाहेर काढून. हात एकदाही थांबला नव्हता.

मग त्याने मान वर केली. समोरच्या बाईकडे बघितलं, सासूबाईंकडे, बायकोकडे. त्यांचे हात अजून कानांवरच होते, पुन्हा वाजेल म्हणून. त्याने पाना खाली ठेवला, घाईघाईने आपले दोन्ही हात आपल्या कानांवर दाबले आणि तोंड वेडंवाकडं केलं. खूप मोठा आवाज आल्यासारखं.

हॉर्न केव्हाच बंद झाला होता.

मी तिथेच पडलेल्या एका सुट्या चाकावर बसलो. शनिवारी मी मागून काय काय बोललो ते आठवलं, आणि त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

घरी येताना बायकोला म्हणालो, "मामांना ऐकू येत नाही."

"आत्ता कळलं?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"बाबांनी शपथ घातलीय. आणि मला वाटलं, तुला डोळे आहेत."

१५ तारीख, बुधवार

सकाळी उठून विचार केला. मामांना ऐकवता येणार नाही, पण दाखवता तर येईल. आणि दाखवायची एकच गोष्ट मी इतके दिवस लपवून ठेवली होती.

मी मामांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक शब्द सुटा बोललो. "मामा, जरा टाकीपाशी या. एक गोष्ट सांगायची राहिलीय." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. मागोमाग आले. गुडघे धरून खाली बसले. मी इंजिन चालू केलं आणि बॅटरीच्या पेटीमागे टॉर्च धरला.

बराच वेळ बघत होते.

"हे काय?"

"फिल्टर. मी लावलाय."

"ते दिसतंय. आत काय आहे?"

"बुडबुडे. डिझेल जोरात वाहतं ना, म्हणून."

"जावईबापू," मामा म्हणाले, "ते काय सोड्याची बाटली आहे?"

मग त्यांनी हात आत घातला आणि फिल्टरपाशी नळीचा जोड मुठीत घट्ट दाबून धरला. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. थोड्या वेळाने इंजिनाची खाकर थांबली. मी ती थांबलेली ऐकली, त्यांनी ती माझ्या चेहऱ्यावर बघितली. मूठ सोडली. बुडबुडे पुन्हा सुरू, आणि मागोमाग खाकरही.

"हवा पितेय गाडी," ते म्हणाले. "रेस दिली की ढकलून जाते. उभी राहिली की एक घोट डिझेलचा, एक हवेचा. माणूस तरी उभा राहील का धड? ही क्लिप कुठली?"

"मोरीतली. वॉशिंग मशीनच्या नळीवरची." म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मला सांगितलं का नाहीत?"

मी टॉर्च बाजूला ठेवला. त्यांना माझं तोंड दिसेल असा बसलो. "तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

ते दुसरीकडे बघायला लागले. खिशातून कापड काढून हात पुसत राहिले, आधीच स्वच्छ असलेले हात.

"उजवा आधी गेला," ते म्हणाले. "मग डाव्यावर निभावलं. आता त्यातही नुसता वारा वाजतो. लोक येतात ते कानासाठी, बाकी माझ्याकडे आहे काय? वाटायचं, नोझल असेल. वाटायचं, पंप असेल. पूर्वी नुसतं दारातून ऐकून कळलं असतं." मग माझ्याकडे वळले. "तुमचं पोट यावर आहे. निदान तुम्हाला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

माझा राग कुठे गेला माहीत नाही. मी म्हणालो, शनिवारी मी तुम्हाला मागून फार वाईट बोललो. त्यांनी विचारलं, काय बोललात. मी म्हणालो, ते राहू दे.

"गाढव आहेस तू," मामा म्हणाले. त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

नवी नळी, नव्या क्लिपा, योग्य मापाच्या. फिल्टर त्यांनी काढला नाही. म्हणाले, राहू दे, बघायला बरा आहे. मोरीतली क्लिप मी मुकाट्याने घरी नेऊन जागच्या जागी बसवली. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला सगळं कळलं असणार, कारण ती हसली नाही, फक्त फडकं आणून माझ्या हातात दिलं.

१८ तारीख, शनिवार

काचवाल्याने या वेळी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं. हमालही होते, तो फिसकन हसणारा धरून. पेला काठोकाठ. इंजिन चालू. मी वाटेत मामांना म्हणालो होतो, कान लावा, लोकांना सवय आहे, मी समोर उभा राहून खूण करीन. त्यांनी हो-नाही केलं नव्हतं.

पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. थोडा वेळ हातात फिरवला. मग सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे धरला.

"माझे कान गेले," ते काचवाल्याला म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. "मागच्या वेळी मी अंदाजाने बोललो, तुमची माफी मागतो. आता हा ऐकेल."

हसणारा हमाल खाली बघायला लागला. काचवाला पेपरची घडी घालत म्हणाला, "मग गाडीला हो कोण म्हणणार?"

मामांनी ते माझ्याकडून विचारून घेतलं. मी समोर जाऊन एकेक शब्द सुटा सांगितला.

"पेल्याला विचारा म्हणावं," मामा म्हणाले.

पेल्यात पाणी काठाला आलेलं होतं आणि तिथेच होतं. काचवाल्याने पेपर उघडला. पहिलं पान वाचलं, उलटलं. दुसरं वाचलं. मला वाटतं त्याने जाहिराती पण वाचल्या. शेवटी उठला, पेला उचलला, त्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि हमालांना म्हणाला, "भरा."

मी अजून स्क्रू ड्रायव्हर धरून उभा. मामांनी माझा हात धरून टोक इंजिनावर ठेवलं, मूठ माझ्या कानाला लावली, आणि माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"सांग," ते म्हणाले. "कसा आवाज येतोय?"

इतके दिवस माझं तोंड बंद होत नव्हतं आणि आता शब्द सापडेना. मग म्हणालो, खाली एक जाड आवाज आहे, जेवून झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

"एकसारखा?"

"एकसारखा. त्याच्यावर बारीक टकटक आहे. सासूबाई वेलची कुटतात तशी."

"ते टॅपेट. ती टकटक असायलाच हवी. तिसऱ्या सिलिंडरकडे जा."

मी टोक सरकवलं. म्हणालो, इथे पण तसंच, थोडं गोड. गोड म्हणजे काय, त्यांनी विचारलं, आणि मी जमेल तसं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, डोळे न मिटता. हमाल काच धरून खोळंबले होते. काचवाला म्हणाला, चला की आता. मामांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

"अजून सांग," ते म्हणाले, आणि मी तोंड चालवत राहिलो.